सत्तेचाळीस नंबर

व्होलोसच्या बंदरामागे, जाळी विकणाऱ्याच्या शेजारी
मिर्सिनीबाईंचं सुट्या अत्तरांचं दुकान.
डाव्या फळीवर पुरुष, उजव्या फळीवर बायका,
आणि गल्ल्यापाशी, च्युइंगमच्या बरणीला खेटून
तीन-चार बाटल्या, कुठल्याच रांगेत न बसलेल्या.
"कोणासाठी?" त्यांनी विचारलं.
"स्वतःसाठी."
चष्म्यावरून त्यांनी एकदा पाहिलं, फार वेळ नाही,
आणि सत्तेचाळीस नंबरचं बूच काढलं.

पन्नास मिली, आठ युरो.
नाव नाही, खोका नाही. चिठ्ठीवर बॉलपेनने आकडा,
त्यातला सात आहे की एक, तेही धड कळू नये.
नरसाळ्यातून ओतताना एक थेंब सांडला,
तो बोटाने टिपून त्यांनी
आपल्याच कानामागे लावला. वाया कशाला घालवा.

आधी हिरवं येतं.
पान खुडल्यावर देठातून निघणारा चीक,
बोटांना चिकटणारा, किंचित कडू.
मग वीसेक मिनिटं काहीच नाही.
वाटतं, गेले आठ युरो पाण्यात.
आणि मग तिकीट फाडता फाडता
बाहीतून लाकूड बोलायला लागतं:
नुकतंच टोक केलेल्या पेन्सिलीचं,
होडीच्या फळीवरून रंधा फिरल्यावर
पायाशी पडणाऱ्या कुरळ्या ढलप्यांचं.

माझी खिडकी तिसरी. बेटांकडे जाणाऱ्या बोटींची.
दुसऱ्या खिडकीवर थ्रासिवुलोस, तंबाखूने पिवळ्या मिशा.
सोमवारी म्हणाला, "काहीतरी बायकी लावलंयस."
बुधवारी म्हणाला, "जरा दे इकडे."
त्याच्या मानेवर ते भलतंच निघालं:
पुदिना, गंज, ओल्या दोरखंडाचा पीळ.
दिवसभर तो कॉलर नाकाशी नेत राहिला,
कोणी बघत नाही असं समजून.
माझ्या बहिणीने, पोलिक्सेनीने, न विचारता अर्धी बाटली संपवली.
तिच्या अंगावर हिरवं थांबतच नाही,
नुसतं गार लाकूड, तळघराचं दार उघडल्यासारखं.
आठ युरोत तीन माणसं. स्वस्तच म्हणायचं.

शाळेत व्याकरणाचे मास्तर
पट्टीने टेबल वाजवत विचारायचे: तो, ती, की ते?
पान? ते.
झाड? ते.
लाकूड? ते.
अत्तर? तेही ते.
मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "आणि मूल?"
मास्तर खिडकीबाहेर बघत म्हणाले,
"तेसुद्धा. पुढचं पुढे."

तिकीटघरामागे एक अंजीर होतं.
कोणी लावलेलं नव्हतं, भिंतीच्या फटीतून आपलंआपण आलेलं.
फेब्रुवारीत पाडलं, पार्किंगसाठी.
खोटं कशाला बोला, त्याची फळं मी कधी खाल्ली नाहीत,
गांधीलमाश्या फार.
त्याच्या सावलीत स्कूटर लावायची, एवढाच संबंध.
तरी बाटलीचं झाकण उघडलं की
पाठ आपोआप त्या भिंतीकडे वळते.

शनिवारी स्कोपेलोसची रांग फाटकापर्यंत.
काचेशी एक मूल, कपाळावर पोहण्याचा चष्मा,
केस असे कापलेले की कोण ते ओळखू नये,
आणि ओळखायचं कारणही नव्हतं.
काचेच्या गोल भोकाला नाक लावून म्हणालं,
"इथे झाड आहे?"
"होतं," मी म्हटलं.
मग काय वाटलं कोणास ठाऊक,
नाणी सरकवायच्या फटीतून मनगट बाहेर काढलं.
त्याने हुंगलं. पुन्हा हुंगलं.
पाकिटात सुटे शोधणाऱ्या आईकडे वळून
रागावल्यासारखं सांगितलं,
"आहे की!"

दोन पूर्ण, एक अर्धं.
पुढे या.